मालिका करूनही नाटकाचीच राहिलेली फेलिसिटी केंडल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 'द गुड लाइफ' ही जुनी ब्रिटिश विनोदी मालिका तुम्ही नुकतीच पाहिलीत. त्यातली फेलिसिटी केंडल गोड वाटली, पण गोडव्यापलीकडे फारसं काही दिसलं नाही. मग टॉम स्टॉपर्डसारखा नाटककार पुन्हा पुन्हा तिच्याकडेच का वळला? आणि दुसरा, तुमच्या जिव्हाळ्याचा प्रश्न: तुम्ही राज्य नाट्य स्पर्धेतून वर आलात, आता हातात मालिकेची ऑफर आहे. एका मालिकेचा चेहरा झालं की नाटकवाले आपल्याला विसरतात का?

मी आयुष्यभर नाटकं बसवली आणि नट तयार केले, त्या अनुभवातून सांगतो. फेलिसिटी केंडल टीव्हीवर घडली असा अनेकांचा समज आहे. माझ्या मते ती टीव्हीवर आली तेव्हा पुरती घडलेली होती, आणि टीव्हीवर अमाप प्रसिद्धी मिळाल्यावरही तिने नाटकाची तालीम कधी सोडली नाही. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे. पण ते नीट कळायला तिच्या लहानपणापासून सुरुवात करावी लागेल, आणि ते लहानपण आपल्याच देशात गेलेलं आहे.

तिचा जन्म 1946 चा, इंग्लंडमधल्या ऑल्टनचा. आई-वडील, लॉरा लिडेल आणि जेफ्री केंडल, दोघेही फिरत्या नाटक कंपनीचे लोक. नऊ महिन्यांची असताना 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये एक तान्हं मूल लागतं म्हणून तिला रंगमंचावर नेलं, तो तिचा पहिला प्रवेश. ती सात वर्षांची असताना कुटुंब भारतात आलं आणि 'शेक्सपिअराना' ही त्यांची कंपनी गावोगाव हिंडू लागली. शाळा, कॉलेजं, संस्थानिकांचे राजवाडे, थंड हवेच्या ठिकाणचे हॉल, जिथे बोलावणं येईल तिथे प्रयोग. माणसं मोजकी असल्याने एकेकाने दोन-तीन भूमिका करायच्या. ती तिथे लहानमोठी कामं करत वाढली आणि वयात येता येता 'ट्वेल्फ्थ नाइट'ची व्हायोला, 'मर्चंट ऑफ व्हेनिस'ची जेसिका, 'हॅम्लेट'ची ऑफेलिया करू लागली. शाळा मात्र सतत बदलत राहिल्या.

आपल्याकडे दौऱ्यावर वाढलेले नट ज्यांनी पाहिलेत त्यांना यातून काय मिळतं हे सांगायला नको. आज घुमणारा हॉल, उद्या मोकळं पटांगण, परवा शे-दोनशे शाळकरी पोरं जी कंटाळली की लगेच चुळबुळ करतात. अशा प्रेक्षकासमोर शब्द स्वच्छ पोचवावे लागतात, नाहीतर प्रयोग हातचा जातो. इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा नाही अशा मुलांना शेक्सपिअर समजावून द्यायचा, तोही कंटाळा न आणता. केंडलचं उच्चारण पुढे जे इतकं पारदर्शक झालं, त्याचं मूळ मला कुठल्याही नाट्यशिक्षणापेक्षा या शाळांच्या हॉलमध्ये दिसतं.

तिची थोरली बहीण म्हणजे जेनिफर केंडल. ही आपल्या मुंबईची. 1958 मध्ये तिने शशी कपूरशी लग्न केलं. शशी कपूर स्वतः 'शेक्सपिअराना'त काम करत होते. पुढे 1978 मध्ये या दोघांनी जुहूला पृथ्वी थिएटर उभं केलं. तिथल्या तिन्ही बाजूंनी प्रेक्षक असलेल्या त्या छोट्या रंगमंचावर तुम्ही काम केलं असेल तर पहिल्या रांगेतल्या माणसाचा श्वास ऐकू येणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. नट आणि प्रेक्षक यांच्यात अंतर नको, हा केंडल मंडळींचा आग्रह त्या वास्तूत आजही जाणवतो.

1965 मध्ये आलेला 'शेक्सपिअर वाला' हा फेलिसिटीचा पहिला महत्त्वाचा चित्रपट. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, निर्माते आपले मुंबईचे इस्माइल मर्चंट, छायाचित्रण सुब्रत मित्र यांचं, संगीत सत्यजित राय यांचं. स्वातंत्र्यानंतरच्या भारतात हिंडणारी एक इंग्रज नाटक कंपनी, तिचे घटत चाललेले प्रयोग, आणि तिकडे सिनेमाची वाढती लाट. कंपनीच्या मालक जोडप्याच्या भूमिका तिच्या खऱ्या आई-वडिलांनी केल्या, आणि मुलीची, लिझीची, तिने. त्यात एक प्रसंग आहे: 'ऑथेल्लो' ऐन रंगात असताना मधुर जाफरीने साकारलेली चित्रपटतारका मंजुळा उशिरा बॉक्समध्ये येऊन बसते, आणि सगळं प्रेक्षागृह रंगमंचाकडे पाठ करून तिच्याकडे पाहू लागतं. तुम्हाला आज छळणारा प्रश्न त्या एका प्रसंगात साठ वर्षांपूर्वीच मांडून ठेवलेला आहे. जाफरीला या भूमिकेसाठी बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पण मी शिकवताना फेलिसिटीकडे बोट दाखवतो. अठरा-एकोणीस वर्षांची ही मुलगी कॅमेऱ्यासमोर काहीही 'दाखवत' नाही. शशी कपूरचा संजू बोलत असतो आणि ती नुसती ऐकते, पण ते ऐकणं इतकं जागं असतं की नजर तिच्यावरच राहते.

चित्रपटातली लिझी शेवटी बोटीने इंग्लंडला जाते, आणि खऱ्या आयुष्यात फेलिसिटीही गेली. तिथे तिची पाटी जवळजवळ कोरी होती. भारतात शेकडो प्रयोग केलेत, याचं लंडनच्या निर्मात्यांना काय? तिथली रीत म्हणजे नाट्यशाळा, मग प्रादेशिक रेपर्टरी, म्हणजे छोट्या शहरांतल्या कायमच्या नाटक कंपन्या, मग लंडन. तिच्याकडे यातलं काहीच नव्हतं. 1966 मध्ये बीबीसीच्या एका नाटकात जॉन गिलगुडसोबत काम मिळालं, 1967 मध्ये 'मायनर मर्डर'मधून लंडनच्या रंगमंचावर पाऊल पडलं, आणि मग पुढची काही वर्षं मिळेल ते काम.

वळण आलं ते 1974 मध्ये, ब्रिटिश नाटककार ॲलन एकबर्नच्या 'द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स'मुळे. ही एक नव्हे, तीन नाटकं आहेत. एकाच घरात, एकाच शनिवार-रविवारी, त्याच सहा माणसांमध्ये घडणारी: एक जेवणघरात, एक दिवाणखान्यात, एक बागेत. एका नाटकात जी व्यक्ती चिडून जेवणघरातून एक्झिट घेते तीच दुसऱ्या नाटकात त्याच चिडीसकट बागेत एंट्री घेते. नटाच्या दृष्टीने हा भयंकर हिशेब आहे. आज बागेचा प्रयोग असला तरी जेवणघरात काय झालं ते अंगात असायला हवं. फेलिसिटीने त्यात ॲनी केली: अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा करणारी, गबाळे कपडे घालणारी, आयुष्य हातातून निसटतंय हे कळत असलेली मुलगी. सोबत टॉम कोर्टनी, मायकेल गॅम्बन, पेनेलपी विल्टन आणि पेनेलपी कीथ.

त्या सुमाराला बीबीसी नट रिचर्ड ब्रायर्ससाठी नवीन मालिका, म्हणजे हीच 'द गुड लाइफ', करत होती आणि इतर भूमिकांसाठी शोध चालू होता. नायकाची बायको बार्बरा आणि शेजारीण मार्गो या दोन्ही नट्या या नाटकातून मिळाल्या. फेलिसिटी केंडल आणि पेनेलपी कीथ. म्हणजे ज्या मालिकेने तिला घराघरांत पोचवलं, तिची ऑडिशन एका अवघड नाटकाच्या प्रयोगात झाली. हे लक्षात ठेवा.

आता 'द गुड लाइफ'. तुम्हाला त्यात फक्त गोडवा दिसला, म्हणून जरा थांबून बघू. चाळिशी गाठलेला टॉम, बार्बराचा नवरा, नाश्त्याच्या पाकिटात घालायची प्लास्टिकची खेळणी डिझाइन करण्याची नोकरी सोडतो आणि सर्बिटनसारख्या लंडनच्या सुखवस्तू उपनगरात, बंगल्याच्या बागेत शेती करून जगायचं ठरवतो. डुकरं, कोंबड्या, जेराल्डीन नावाची शेळी, लेनिन नावाचा कोंबडा. शेजारी जेरी आणि मार्गो, सगळं टापटीप. कागदावर पाहिलंत तर चांगली वाक्यं टॉमला आहेत, हशे मार्गोला आहेत. बार्बराच्या वाट्याला येतं ते बहुतेक 'हो टॉम' आणि 'नाही टॉम'. अशा भूमिकेत नटीचा नुसता टेकू होतो. ती इतरांच्या विनोदाला आधार देत उभी राहते आणि विसरली जाते.

केंडलने काय केलं ते बघा. बार्बरा कधीही रिकाम्या हातांनी बोलत नाही. शेंगा सोलत, बूट ओढत, चिखल झटकत ती बोलते, आणि ते काम खरं असतं, नाटकातली प्रॉपर्टी (हाताळायची वस्तू) नुसती हातात धरल्यासारखं नसतं. त्यामुळे तिचं वाक्य साधं असलं तरी त्याला वजन येतं: या बाईचे हात खरोखर दुखत असणार, असं वाटतं. दुसरं म्हणजे टॉमच्या बेताला ती कधीही पटकन 'हो' म्हणत नाही. एक क्षण जातो. त्या क्षणात तिने नफा-तोटा मांडलेला असतो आणि मग ती नवऱ्यावरच्या प्रेमाने, डोळे उघडे ठेवून, 'हो' म्हणते. लेखकांनी हे लिहिलेलं नाही, ते तिने भरलेलं आहे.

तिसरी गोष्ट तांत्रिक आहे, पण तुमच्या फार कामाची. ही मालिका आठवडाभर तालीम करून एका संध्याकाळी स्टुडिओत प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायची. बाहेरची दृश्यं आधी घेऊन ठेवलेली असत. ऐकू येणारा हशा समोर बसलेल्या माणसांचा आहे. आता नाटकातला नट लाफ्टर आला की थांबतो आणि तो उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकतो, हे तुम्हाला येतंच. पण इथे कॅमेरा चेहऱ्यावर आहे. हशा संपायची वाट पाहताना चेहऱ्यावर 'वाट पाहणं' दिसलं तर घात होतो. केंडल त्या तीन-चार सेकंदांत विचार करत राहते. तिचा विचार पुढे सरकतो, आणि हशा ओसरला की वाक्य त्या विचारातून बाहेर पडतं. आवाज थिएटरचा, चेहरा सिनेमाचा. मी विद्यार्थ्यांना याचे तुकडे आवाज बंद करून दाखवतो.

आणि चौथ्या सीझनचा शेवटचा भाग जरूर बघा. टॉम-बार्बराच्या घरात कुणीतरी घुसून सगळ्याची नासधूस करून गेलेलं असतं. इतके दिवस हसवणाऱ्या मालिकेत, त्याच सेटवर, बार्बरा कोसळते. स्टुडिओतले प्रेक्षक चिडीचूप. गेल्या सीझनांत तिने जो थकवा हसत लपवला होता तो सगळा तिथे बाहेर येतो. नुसती गोड नटी ते दृश्य पेलू शकली नसती.

मालिका 1975 ते 1978 चालली, एकूण तीस भाग. तिची लोकप्रियता अशी की 1978 चा शेवटचा विशेष भाग राणीच्या उपस्थितीत चित्रित झाला. वृत्तपत्रांनी बार्बराला देशाची लाडकी करून टाकलं, आणि मग वृत्तपत्रं जे करतात ते केलं. पुढची कित्येक वर्षं तिच्या कामापेक्षा तिच्या रूपाबद्दल लिहून येत राहिलं. मला हे वाचताना आजही चीड येते, कारण नेमक्या त्याच वर्षांत ती काय करत होती याचा हिशेब मांडला तर थक्क व्हायला होतं.

मालिका संपल्याच्या पुढच्याच वर्षी, 1979 मध्ये, लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पीटर शाफरच्या 'अमेडियस'च्या पहिल्या प्रयोगात ती मोझार्टची बायको कॉन्स्टांझ. समोर पॉल स्कोफील्ड आणि सायमन कॅलो. 1980 मध्ये स्कोफील्डच्या ऑथेल्लोसमोर डेस्डिमोना. त्याच वर्षी बीबीसीच्या शेक्सपिअर मालिकेत व्हायोला, म्हणजे भारतात मुलगी असताना केलेली भूमिका पुन्हा, आता देशभरासमोर. आणि 1981 मध्ये, जेव्हा वृत्तपत्रं तिच्या फिगरवर रकाने भरत होती, तेव्हा स्टॉपर्डच्या 'ऑन द रॅझल'मध्ये ती ख्रिस्तोफर नावाच्या उमेदवार पोऱ्याची भूमिका करत होती. पुरुषपात्र! लोकांच्या मनातली प्रतिमा पुसायची तर मुलाखती देऊन पुसता येत नाही, अशी एखादी भूमिका करूनच पुसता येते.

इथून स्टॉपर्डच्या भूमिकांची रांग सुरू होते: 1982 मध्ये 'द रिअल थिंग'ची ॲनी, 1988 मध्ये 'हॅपगुड'मधली हेरखात्याची अधिकारी, 1993 मध्ये 'आर्केडिया'ची संशोधक हॅना जार्विस, 1995 मध्ये 'इंडियन इंक'ची कवयित्री फ्लोरा क्रू. का तीच? स्टॉपर्डची पात्रं विचार करता करता बोलतात. वाक्य लांब असतं, त्यात एक युक्तिवाद असतो, आणि तो युक्तिवाद प्रेक्षकाला कळला तरच त्याच्या टोकाशी असलेला हशा येतो. नटाने युक्तिवाद पाठ केलेला असून चालत नाही, तो त्याच क्षणी सुचतोय असं दिसावं लागतं. कंटाळलेल्या शाळकरी मुलांना शेक्सपिअर ऐकवलेल्या मुलीला ही विद्या आधीच आली होती. 'आर्केडिया'तली हॅना रुक्ष होऊ शकते: जुने कागद, बागेचा इतिहास, बिल नायच्या फुशारकी मारणाऱ्या प्राध्यापकाशी वाद. केंडलची ऊब आणि हॅनाचा कोरडेपणा यांची जी टक्कर तिथे होते, त्यातच ती भूमिका जिवंत राहते.

'इंडियन इंक'बद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण ते आपल्याशी जोडलेलं आहे. स्टॉपर्डने ते आधी 1991 मध्ये 'इन द नेटिव्ह स्टेट' नावाचं नभोनाट्य म्हणून लिहिलं आणि फेलिसिटीला अर्पण केलं. क्षयाने आजारी असलेली एक इंग्रज कवयित्री 1930 मध्ये भारतातल्या एका संस्थानात येते, एक भारतीय चित्रकार तिचं चित्र काढतो, आणि दोघं रसांबद्दल बोलतात, शृंगाराबद्दल बोलतात. मधून मधून काळ पुढे सरकतो आणि फ्लोराची म्हातारी बहीण मिसेस स्वान दिसते. नभोनाट्यात ही बहीण पेगी ॲशक्रॉफ्टने केली होती. रंगमंचावरचं नाटक लॉरा केंडलच्या, फेलिसिटीच्या आईच्या, स्मृतीला अर्पण आहे. 2025 च्या अखेरीस लंडनच्या हॅम्पस्टेड थिएटरने हे नाटक पुन्हा केलं तेव्हा फेलिसिटी मिसेस स्वानच्या भूमिकेत होती. एकाच नाटकात तीस वर्षांच्या अंतराने दोन भूमिका: आधी मरणारी फ्लोरा, नंतर मागे उरलेली बहीण. नटीच्या आयुष्यात असा योग फार थोड्यांना येतो.

या सगळ्या काळात टीव्ही सुटला होता का? मुळीच नाही. लेखिका कार्ला लेनच्या 'सोलो' आणि 'द मिस्ट्रेस' या मालिका तिने ऐंशीच्या दशकातच केल्या. दुसरीत तर ती विवाहित पुरुषाच्या प्रेमात पडलेली बाई होती, म्हणजे आदर्श बायको बार्बराच्या थेट उलट. 1992 मध्ये पीटर हॉल दिग्दर्शित 'द कॅमोमाइल लॉन'. काही फसलंही: 1994 ची 'हनी फॉर टी' लवकर आटोपली. पण तेव्हा ती लंडनच्या रंगभूमीवरची मोठी नटी होती, त्यामुळे एका मालिकेच्या अपयशाने तिचं काही अडलं नाही.

2003 हे वर्ष मला तिच्या कारकिर्दीत सगळ्यात जास्त शिकवून जातं. त्या वर्षी 'रोझमेरी अँड थाइम' सुरू झाली: बागकाम करणाऱ्या दोन बायका, सोबत पॅम फेरिस, आणि दर भागात एक खून. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका नायिका असलेली मालिका, यातच तिचं महत्त्व. निवांत, रविवारी दुपारी बघावी अशी. आणि त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर हॉलच्या दिग्दर्शनाखाली ती नाटककार सॅम्युएल बेकेटच्या 'हॅपी डेज'ची विनी करत होती. विनी पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीत गाडलेली असते, दुसऱ्यात गळ्यापर्यंत. हातवारे नाहीत, चालणं नाही, समोर जवळजवळ कुणी बोलणारं नाही. उरतो तो चेहरा आणि आवाज, आणि पानंच्या पानं स्वगत. नटाला याहून कठीण परीक्षा मला माहीत नाही. टीव्हीचे पैसे आणि प्रसिद्धी हाताशी असताना तिने ती परीक्षा आपणहून घेतली.

आता तुमच्याकडे येतो. तिच्या उदाहरणावरून 'मालिका घ्या, काही होत नाही' असं मी सांगणार नाही, कारण तिची मालिका आणि आपली मालिका यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिने बार्बराचे तीस भाग सुमारे तीन वर्षांत केले. आपल्याकडे आठवड्याला सहा भाग जातात, म्हणजे तितके भाग पाच आठवड्यांत संपतात. तिला दर भागाला तालीम मिळत होती, तुम्हाला सीन बहुधा सेटवर, मेकअप चालू असताना हातात पडेल. तिचा सीझन संपला की ती मोकळी होती. तुमचा ट्रॅक, म्हणजे तुमच्या पात्राचं कथानक, वाढला तर दोन वर्षं कुठे गेली ते कळणार नाही.

तरीही मालिका घ्या, असंच मी म्हणेन, पण करार करताना नाटकाची सोय लेखी करून घ्या. शनिवार-रविवारचे प्रयोग, आणि नव्या नाटकाच्या तालमीसाठी सलग मोकळे दिवस. तोंडी आश्वासनावर राहू नका, निर्मिती व्यवस्थापक बदलला की आश्वासन बदलतं. मालिका चालू असताना एक तरी प्रायोगिक किंवा व्यावसायिक नाटक हातात असू द्या, भले प्रयोग कमी असोत. आणि मालिका संपल्यावर येणारी पहिली ऑफर तुमच्या मालिकेतल्या पात्रासारखीच असेल. ती नाकारायची ताकद बँकेत असावी म्हणून पहिल्या वर्षीचं मानधन जपून वापरा.

बघायचं असेल तर या क्रमाने बघा: आधी 'शेक्सपिअर वाला', मग 'नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स'ची संहिता वाचून काढा, मग 'गुड लाइफ'चे निवडक भाग आवाज बंद करून आणि नंतर आवाजासकट, मग 1980 ची तिची व्हायोला. 'आर्केडिया' आणि 'इंडियन इंक' पुस्तकरूपात मिळतात. ती मोठ्याने वाचा. हॅनाचं कुठलंही एक लांब वाक्य घ्या, त्यातला युक्तिवाद आपल्या मराठीत कुणाला तरी समजावून सांगा, आणि मगच मूळ वाक्य म्हणून बघा. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा ते मला ऐकवा.